गोमुखीपासून माघारी

सकाळी साडेसहाला श्रीदेवी चालता चालता एकदम मागं वळली अन् धावत येणाऱ्या एका मुलावर जाऊन आदळली.

"अहो, वळताना हात तरी दाखवायचा की!" कपाळ चोळत तो म्हणाला.

तो विरेश, अक्कलकोटचा. ही दुधनीची, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाची. मागच्या परीक्षेत छाती धडधडून भर पेपरातून उठून आलेली. समुपदेशक मॅडमनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास चालत जा, मन हलकं होईल. आता कॉलेजच्या मैदानाच्या मधोमध महादेवाचं देऊळ. त्यामुळं ही पोर देवळाच्या गोमुखीपर्यंत, म्हणजे अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं तिथवर जायची, की माघारी.

"महादेवाला पूर्ण फेरी घालत नाहीत," ती पुटपुटली.

"अहो, ही प्रदक्षिणा कुठंय? व्यायाम आहे..." तो हसला. पण हसता हसता स्वतःही तिच्याबरोबर माघारी वळला.

मग रोजच वळू लागला. कडुलिंबाच्या मोहोराचा मंद वास, कोवळं ऊन, बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' झालेलं...

"पहिल्या वर्षी मी लई रडायचो," एकदा तो म्हणाला. "पळायला लागलो, मग रडायला दमच उरेना."

ती खूप दिवसांनी खळखळून हसली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

पण पेपरच्या दिवशी ती बॅग घेऊनच मैदानावर आली. "मी गावाला चालले, विरेश. मला नाही जमणार."

त्यानं समजूत घातली नाही. बॅग तेवढी आपल्या खांद्यावर घेतली. दोघं गोमुखीपर्यंत गेले. तिचे पाय थांबले. तो मात्र दोन पावलं पुढं गेला.

"तू वळलीस तर मीही वळेन," तो हळूच म्हणाला. "पण श्री... मला तुझ्यासोबत पुढंही जायचंय."

तिची छाती धडधडली. नवल म्हणजे, या खेपेला भीती वाटली नाही. तिनं देवळाकडं पाहून हात जोडले, मनात माफी मागितली आणि पाऊल पुढं टाकलं.

दुपारी ती हॉलमधून बाहेर आली तेव्हा तो फाटकापाशी बॅग घेऊन उभा होता.

"मधेच उठलीस?"

"शेवटची घंटा होईपर्यंत लिहीत होते."

"आणि धडधड?"

"ती आत्ता होतेय," ती म्हणाली. "तुला बघून."

त्यानं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि मोकळा झालेला हात तिच्यापुढं केला.