एकेचाळीस लुगडी

"मास्तर, बारा वाजता तेले खंडव्याच्या मोटारीत टाकतील. मग माहा घरधनी हाती लागत नाही!" गोदाबाईने दत्तात्रय मास्तरांचे पायच धरले.

तिचा नवरा लोटू गाडीवान. निंबोल्याहून निंबाशेठच्या बुऱ्हाणपूरच्या पेढीवर लुगडी आणली, ती वीस कमी भरली. चौकीत दोन दिवस काढल्यावर त्याने कबूलही केलं, की वीसही राजघाटावरून तापीत टाकली.

"कबूल केलंय, मग राहिलं काय?" गिरधर कंपाउंडर बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. मास्तरांच्या प्रत्येक तपासात तो असे. डोक्यात प्रकाश मात्र उशिरा पडे.

तिघं पेढीवर गेली, तेव्हा निंबाशेठने मालासोबत आलेली चिठ्ठी पुढे केली. "हे बघा, २१. आपल्याकडे पहिला आकडा कोडीचा, दुसरा सुट्यांचा. कोडी म्हणजे वीस. दोन कोडी एक, एकेचाळीस. गाडीत सापडली एकवीसच."

"लिहिली कोणी?"

"निंबोल्याच्या नव्या कारकुनाने, सुरेशने. होळकर संस्थान विलीन झालं, कचेरीतली नोकरी गेली, म्हणून मी ठेवला. इंदूरला गेलाय, चार दिवसांनी येईल."

चार दिवस! गोदाबाईने तोंडात पदर कोंबला.

निंबोल्यात हेच गठ्ठे बांधणारी भागाबाई पेढीवर सूत न्यायला आली होती. "लोटू चोरच हाये," ती फणकारली. "मले गिनती येत नाही. पन समदे गठ्ठे सारखे बांधले. एक बी लुगडं सुटं उरलं नाही."

साडेअकरा झाले होते.

"गिरधर, एकेचाळीसचे सारखे गठ्ठे बांध बरं."

गिरधर बोटं मोजू लागला. "दोनदोनचे, एक उरतं. तीनतीनचे, दोन. सहाचे, पाच. सातचे... मास्तर, उरतंच हो!"

"उरणारच. एकेचाळीस मूळ संख्या, तिचे सारखे वाटे पडत नाहीत. म्हणजे गाडीत एकेचाळीस चढलीच नाहीत. आणि भागाबाई लोटूची बाजू घेणारी नव्हे. आता हेच आकडे दहाच्या हिशेबाने वाच. एकवीस, संयुक्त संख्या. तीनतीनचे सात गठ्ठे, उरलं काही नाही. सुरेशने कचेरीत लिहायचा तसं लिहिलं, शेठ. तुम्ही कोडीने वाचलंत. ती वीस लुगडी नव्हतीच कधी."

शेठचा चेहरा उतरला. "मग लोटूने कबूल कसं केलं?"

"मारून मारून इचारत होते, लुगडी कुठं," गोदाबाई म्हणाली. "घरात म्हनला असता, तर मले उचललं असतं. तापीले कोन पकडनार, शेठ?"

निंबाशेठ चिठ्ठी घेऊन अनवाणीच चौकीकडे धावला.