कोनाच्या नावाचा रोवना?

“ओ भाऊ! पऱ्हे तुडवून राहिले ना तुमी! डोळे का घरी ठेवून आले?”

मी एवढ्या जोरात ओरडले की बांधावरचे बगळे उडाले. पण तो माणूस काही हलेना! रोवणीसाठी उपटून ठेवलेल्या धानाच्या रोपांवर बूट रोवून तो आपला उभा. कानांवर दोन काळ्या वाट्या, गळ्यात चामड्याची पेटी, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात माईक — सरळ माझ्या तोंडाकडे रोखलेला. मग छत्रीचा दांडा मानेशी दाबून त्याने एका कानावरची वाटी उचलली आणि चक्क हसला.

“अजून एकदा ओरडता का जी? आवाज थोडा फाटला...”

मी थक्क! माझं ओरडणं त्याने टेप केलं होतं.

त्र्याऐंशी सालचा रोवना, म्हणजे भाताची लावणी, चालू होता. तो पवनीच्या पुंडलिकरावांचा मुलगा, श्रावण. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीत गाणी टेप करायची नोकरी. आमच्या मोहाडीजवळच्या गावात तो आला होता तो बायकांची रोवण्याची गाणी न्यायला. पुंडलिकरावांचं घर बाबांना माहीत होतं, म्हणून चार दिवस त्याचा मुक्काम आमच्याच ओसरीत पडला.

“आमची गाणी मुंबईले नेऊन काय करता?” मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

“कंपनी दर भागाची एक कॅसेट काढून राहिली. कोकणाची निघाली, खानदेशाची निघाली. यादीत भंडाऱ्याचं नावच नाही! मी साहेबाले म्हटलं, आमच्याकडचे लोक का मुके आहेत?”

“अन् आमची बोली ऐकून लोक हसले तं?”

“साहेबबी तेच म्हणे. ‘कोनाच्या’चं ‘कोणाच्या’ करून आणा म्हणे. मी म्हटलं, मंग तुमीच गा ना जी!”

मला हसू आलं. भंडाऱ्याच्या कॉलेजात मी ‘मले’चं ‘मला’ करायला पहिल्याच आठवड्यात शिकले होते. ही बोली लपवायची असते, एवढंच मला ठाऊक. आणि हा वेडा माणूस तीच ऐकायला दोन दिवसांचा प्रवास करून आलेला!

तिसऱ्या दिवशी त्याने त्या काळ्या वाट्या माझ्या कानांवर ठेवल्या. बाई गं... बेडूक अगदी कानाशी येऊन बसल्यासारखा. छत्रीवर पडणारा एकेक थेंब वेगळा. चिखलातून पाय निघतो त्याचा आवाज. आणि कोणाचा तरी श्वास, जरा जोरात चाललेला.

“हा कोनाचा?” मी विचारलं.

“माझा,” तो म्हणाला. “अन् ऐका, मले भाऊ म्हणणं आता बंद करजा.”

मी वाट्या काढून त्याच्या हातात कोंबल्या आणि पळाले. पळताना दोनदा चिखलात बसले, ते वेगळंच.

आमच्या गावच्या रोवण्यात शेवटचं गाणं नावांचं. गाणं उचलणारी केशरबाई विचारणार, “कोनाच्या नावाचा रोवना गे?” आणि एकेकीने उत्तर द्यायचं. एरवी नवऱ्याचं नाव ओठांवर न आणणाऱ्या बायका या गाण्यात ते खणखणीत घेतात. कुवाऱ्या मुलीने बापाचं नाव घ्यायचं. मी दहा वर्षांची असल्यापासून ‘सोमाजीच्या नावाचा’ म्हणत आले होते.

चौथ्या दिवशी माईक फिरत माझ्यापुढे आला. त्याच्या मनगटावरून पाण्याचा थेंब ओघळत होता. मी तो पाहत होते...

“कोनाच्या नावाचा रोवना गे?”

“श्रावनाच्या नावाचा!”

माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. बायका अशा खिदळल्या की दोघी चिखलात बसल्या. हातातले पऱ्हे टाकून मी त्याच्यामागे बांधापर्यंत धावले.

“ते पुसून टाकजा! तुमाले माझ्या गळ्याची आन आहे!”

“पुसतो,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. गाणं पुन्हा टेप झालं. मी खाली मान घालून बाबांचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी “येतो” म्हणून तो गेला. ना पत्र, ना निरोप! मला त्याचा इतका राग आला की दिवाळीनंतर सिहोऱ्याच्या वासुदेवरावांच्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

आणि मग मोहाडीचा बाजार. बाबांसोबत वांगी घेत होते. समोरच्या हॉटेलात भोंग्यावर टेप लागली. केशरबाईचा आवाज! बाजारातल्या बायका टोपल्या सोडून उठल्या. “आपलं गानं! आपलं गानं लागलं वं!” कोणी हसत होतं, कोणी पदराने डोळे पुसत होतं. माझाही ऊर भरून आला... आणि भर बाजारात माझाच आवाज दणकला, “श्रावनाच्या नावाचा!”

बाबांनी वांगी पिशवीत भरली आणि माझ्याकडे न पाहता घरची वाट धरली. त्यांनी मारलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच श्रावण अंगणात उभा. तोंड पांढरंफटक. मी दारातूनच फाडकन विचारलं, “काहून नाही पुसलं?”

“नाही पुसवलं,” तो म्हणाला. “दोन्ही टेपी नेल्या. दुसरी कंपनीसाठी. पहिलीच्या डब्यावर लिहिलं, ‘ही ठेवायची’. माझ्यापाशी ठेवायची, रुखमा! ऑफिसातला माणूस समजला, कॅसेटमंदी ठेवायची. मी तवा दुसऱ्या गावी होतो... काल नागपुरात कॅसेट ऐकली अन् तसाच निघालो. तू म्हणशील तं उरलेल्या कॅसेटी परत मागवतो. नोकरी गेली तरी चालल.”

मी उत्तर देणार तोच फाटकाशी वासुदेवराव! बोलणी पक्की करायला आले होते. श्रावण अंगणातल्या खांबामागे सरकला, मी चहा ठेवायला आत.

बाहेर बाबा ओसरीत पान लावायला बसले. वासुदेवरावांनी प्रस्तावनाच केली नाही. “सोमाजी, ते कॅसेट आमच्या सिहोऱ्यातबी वाजून राहिली. लोक मले विचारतात. हा श्रावण कोण?”

मी चहाचं ताट घेऊन दारातच थांबले. बाबांनी पान लावता लावता, मान वर न करता उत्तर दिलं.

“महिना आहे जी. श्रावन महिना. रोवना त्याच महिन्यात होते ना? पोरीनं महिन्याचं नाव घेतलं.”

बाई गं! हे मला सुचलंच नव्हतं. किती सोपं! वासुदेवरावांचा चेहरा लगेच सैल झाला. “हो, हो, महिनाच तं!” ते हसले. लग्न शाबूत, बाबांची मान शाबूत. मी फक्त ताट पुढे करायचं आणि गप्प राहायचं.

खांबामागे तो खाली मान घालून उभा होता. आमच्या बोलीतल्या एका शब्दासाठी साहेबाशी भांडलेला माणूस...

मी ताट पुढे केलं, वासुदेवरावांनी कप उचलला. “महिना नाही जी,” मी म्हटलं.

हे मीच बोलले? बाबांच्या हातातला चुना पानावर नको तेवढा पडला. वासुदेवरावांनी कप तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला, टोपी घातली आणि उठले. फाटक आपटल्याचा आवाज आला.

“काय बोलली?” बाबांनी विचारलं.

“महिना नाही, बाबा. माणूस आहे.” मी ताट खाली ठेवलं. “चुकून घेतलं होतं. आता चुकून नाही घेत.”

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, खांबाकडे पाहिलं.

“इकडे या, पवनीवाले.”

श्रावण पुढे आला. त्याला बहुधा वाटलं, आता कानाखाली बसणार. मलाही तेच वाटलं. बाबांनी त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत पाहून घेतलं.

“पुंडलिकरावले सांगा,” बाबा म्हणाले, “सोयरीक मागाले बापाले यावं लागते. कॅसेट नाही पाठवत.”