गंगाजळीतलं डोरलं

१९७८ च्या पावसाळ्यात पेपरात बातमी वाचली आणि माझं डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. देशाची परकीय चलनाची गंगाजळी भरली आहे, तेव्हा सरकार आपल्याजवळचं सोनं लिलावात विकतंय, का तर भाव उतरावेत आणि चोरटी आयात थांबावी. भरली म्हणे! पासष्टच्या लढाईत ती रिकामी होती, तेव्हा सरकारचा हात आमच्या बायकांच्या गळ्यापर्यंत आला होता.

माझी धाकटी बहीण शालूबाई कडेगावला दिलेली. तिचा नवरा कृष्णात फौजेत. लढाई पेटली तेव्हा गावात मांडव घातला होता आणि कुणी एक साहेब माइकवरून सांगत होता, की माताभगिनींनो, हे सोनं कुठं जाणार नाही, देशाच्या तिजोरीत सुखरूप राहील. शालूनं दोन्ही वाट्यांसकट डोरलं ताटात टाकलं आणि नुसते काळे मणी पुन्हा गळ्यात बांधले. पंधरवड्यात तार आली, कृष्णात बेपत्ता.

मेला असं कुणीच कळवलं नाही. मग शालूचं एकच म्हणणं. "दादा, माजं डोरलं सरकारजवळ शाबूत हाय. तवर ते बी हाईत." सासरचे लोक कपाळ पुसायला सांगून दमले. ही आपली रोज ठसठशीत कुंकू लावायची. मी गलाईवाला माणूस, आटलेलं सोनं कुणाचंच उरत नाही हे रोज बघणारा. तिच्यापुढं मात्र तेरा वर्षं तोंड उघडलं नाही.

विट्याच्या पेठेत माझं दुकान. लोकांचे दागिने आटवायचे, सोनं शुद्ध करून द्यायचं. वडिलांनी घालून दिलेली एक रीत होती. डोरलं आटवायला आलं की आधी त्याची गुंजभर कात्रण काढून ठेवायची आणि जिचं तिला परत द्यायची. सवाष्णीचं डोरलं अख्खं विस्तवात घालायचं नाही. माझा विश्वास नव्हता, पण गिऱ्हाईक खूश राहतं म्हणून मी ती पाळत होतो.

लिलावानंतर थोड्याच दिवसांनी सांगलीचे सराफ नानासो दुकानात आले. धोतराच्या सोग्यातून त्यांनी सोन्याची लगड काढून गादीवर ठेवली. ती आटवून त्यांना लहान तुकडे पाडून हवे होते.

"लिलावातली?" मी विचारलं.

"मग? सरकारी शिक्का हाय, बगा की."

"कुनाच्या गळ्यातलं असंल, इच्यारलंसा का?"

नानासो हसले. "हंबीरराव, पिवळं ते पिवळं. जरा हात उचला, सांजच्या गाडीनं मला जायाचं हाय."

त्यांना हाकलून द्यायला हवं होतं. पण तो शिक्का बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि तो वितळताना मला बघायचा होता. सरकारी लगडीला कसली आलीय रीत! मी कात्रण काढली नाही. लगड तशीच मुशीत ठेवली आणि भाता ओढला.

शिक्का बुडाला, तसा वास आला. ओल्या हळदीचा.

"घरात हळद कुटत्यात व्हय?" नानासोंनी नाक वर केलं.

घर दुकानापासून दोन गल्ल्या लांब होतं. मी रस साच्यात ओतला, निवू दिला, साचा उलटा केला. लगडीच्या पाठीवर दोन गोल खळगे होते, शेजारी शेजारी. साचा ओला राहिला असेल. मी तो चांगला तापवून घेतला आणि सोनं पुन्हा मुशीत टाकलं.

या खेपेला वास जास्त होता. आणि मुशीतून आवाज आला, तहानलेला माणूस कोरडा घसा खाकरतो तसा. टाकणखार पडला की सोनं कुरकुरतं, मला ठाऊक आहे. हा तो आवाज नव्हता.

खळगे आता खोल होते. डावीकडच्याची कड चेपलेली होती.

शालूच्या वाटीला तिथंच चेप होती. लग्नाच्या वर्षी वरवंटा निसटल्यानं पडलेली.

मी कात्री उचलली.

"आवं, काय करताय?" नानासोंनी माझं मनगट धरलं. "मोजून घेतलंय मी. गुंजभर बी कमी चालायचं न्हाई."

माझा राग कुणावर होता? माइकवाल्या साहेबावर, पेपरावर, ह्या हसऱ्या सराफावर. सगळा मी भात्यावर काढला. सोनं आहे, आटणार नाही म्हणजे काय! कोळसे पांढरे होईपर्यंत मी थांबलो नाही.

तिसऱ्या खेपेला वास आला नाही. आवाजही नाही. लगड आरशासारखी गुळगुळीत निघाली. नानासो तुकडे पाडून घेऊन गेले.

 दुकान बंद करून मी कडेगावची एसटी धरली.

शालू सोप्यात बसली होती. कपाळ कोरं. काळे मणी पुढ्यात ताटलीत काढून ठेवलेले.

"ते यिऊन गेलं, दादा."

"कोन?"

"दुपारी. उंबऱ्यात हुबं ऱ्हायलं. लय भाजतंय म्हनालं. पानी दिलं. परत मागितलं, परत दिलं."

"मग?"

"तिसऱ्यांदी तांब्या भरून आनला, तर कुनी न्हवतं." तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता. अगदी माझ्यासारखा. "माजं डोरलं ऱ्हायलं न्हाई, दादा. कुनी आटवलं असंल?"

 भरलेला तांब्या दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यावर तसाच होता. काहीतरी करायचं म्हणून मी तो उचलायला गेलो.

भट्टीपुढं जन्म गेलेला माझा हात पोळला.