गालिच्याच्या पलीकडे

ती जमिनीवर पालथी पडून, गालिच्याच्या काठाशी हनुवटी टेकवून, एक डोळा मिटून बघत होती. तेवढ्यात दार उघडलं.

"अहो... बरं वाटत नाहीये का तुम्हाला? पाणी आणू?"

"पाय!" ती ओरडली. "गालिच्यावर पाय ठेवू नका!"

दारातले बूट जागच्या जागी थबकले. तिला तिथून तेवढेच दिसत होते.

"मशीनरूमच्या नोकरीची मुलाखत इथेच का?" बूटवाल्याने विचारलं.

"शेजारचं दार."

पण बूट काही हलेनात. थोड्या वेळाने ते पायांतून निघाले, मग मोजे दिसले, मग टेकलेले गुडघे, आणि बघता बघता एक अख्खा तरुण गालिच्याच्या पलीकडच्या काठाला तिच्यासारखाच पालथा पडला. मुलाखतीसाठी केलेल्या इस्त्रीची वाट लागली.

"आईशप्पथ..." तो इतका हळू म्हणाला, की जणू मोठ्याने बोललं तर समोरचं काहीतरी उडून जाईल. "हे तर रान आहे!"

उभ्याने पाहिलं तर तो साधा विटकरी गालिचा होता. पण खोलीतला दिवा जमिनीलगत बसवलेला होता आणि त्याचा उजेड तिरका पडायचा. त्या उजेडात गालिच्याची लव न् लव वेगळी उभी राहायची, प्रत्येक धाग्यामागे त्याची इवलीशी सावली. ती रोज बघायची आणि रोज तिचा श्वास क्षणभर अडकायचा. आजवर ज्याला ज्याला दाखवलं होतं, तो 'छान आहे हं' म्हणून चहाला निघून गेला होता. हा मात्र पापणी न लवता बघत होता.

"खिडकीकडच्या कोपऱ्यात," तो म्हणाला, "धाग्यांनी मान टाकलीय. दमलेत बिचारे."

सकाळपासून ती तेच शोधत होती. तिने मान वर केली आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा पाहिला. आणि खरं सांगायचं तर, त्याच क्षणी पोरीची विकेट पडली. तिला ते कळायला बरेच महिने लागले, ही गोष्ट निराळी.

ती व्हॅक्यूम क्लीनर तपासणारी संस्था होती. प्रत्येक मशीनला तिथे तीन परीक्षा द्याव्या लागत. गालिच्यात दाबून भरलेली धूळ ते किती ओढतं, ओढलेली धूळ परत हवेत किती सोडतं, आणि शेवटची, सगळ्यांत अवघड: गालिचा किती शाबूत ठेवतं. एक यांत्रिक हात ते मशीन नव्याकोऱ्या गालिच्यावरून शेकडो वेळा फिरवायचा. मग दोन परीक्षक तिरक्या उजेडात, उलट्या दिशांनी, मोज्यांवर, एक शब्द न बोलता गालिच्याभोवती फिरायचे. हात पाठीमागे. संस्थेच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतंच 'बाई' म्हणत, त्यांनी "दाखवा!" म्हटलं, की दोघांनी एकदम बोटं पुढे करायची. पाच म्हणजे गालिचा नव्यासारखा, एक म्हणजे मातेरं. तीनच्या खाली गेलं, तर मशीनला मान्यतेची मोहोर नाही.

दोन परीक्षकांपैकी एक ती होती; दुसऱ्या, जुन्या परीक्षकांना मोतीबिंदू झाल्यापासून पलीकडची जागा रिकामी होती. हा आधी गिरणीत कापड तपासायचा, हे कळताच बाईंनी त्याला मशीनरूमऐवजी तिथेच उभं केलं. तिला सगळे 'घार' म्हणत, नजरेमुळे. तो झाला 'कापडवाला'.

"तुमचं काही नातं नाही ना?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "असेल तर आधी कळवायचं. इथे नात्यातली माणसं समोरासमोर चालत नाहीत. त्यांना आधी एकमेकांचे चेहरे दिसतात, मग गालिचा."

"छे! नातं कुठलं!" दोघं एका सुरात म्हणाली.

आणि मग ते नवल सुरू झालं. तिची तीन बोटं, तर त्याची तीन. तिची चार, तर त्याची चार. दर वेळी ती हात पुढे करताना धास्तावायची, की आज तरी चुकेल. चुकायचंच नाही. या एवढ्या मोठ्या जगात आपल्याला दिसतं ते अगदी तसंच आणखी एका माणसाला दिसतं, या विचाराने तिला रात्री उशीवर डोकं टेकल्यावर एकदम भरून यायचं.

"तुम्ही घरीही अशाच लोळून बघता का?" चहा घेताना तो विचारायचा.

"घरी गालिचा नाही. चटई आहे, आणि तिच्यावर वहिनी लोळू देत नाही."

"मग घरी काय बघता?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"नाही... म्हणजे... एवढी नजर घरी वाया जात असेल, म्हणून वाईट वाटलं."

कपात तोंड खुपसून ती हसू लपवायची. कपात चहा नसायचा, ते त्याला दिसायचं. त्याला काय, सगळंच दिसायचं!

घरी वहिनीने ओळखायला वेळ लावला नाही. "वन्सं, साखरेच्या डब्यात मीठ ओतलंत आज. कोण आहे?"

तिने सांगितलं.

"मग बोलून टाका की. घोडं कुठे अडलंय?"

"बोलले, तर त्याला माझ्या समोरून हलवतील, वहिनी."

"हलवू देत! लग्न काय गालिच्याशी करायचंय?"

"तसं नाही गं... त्या गालिच्याच्या पलीकडे तो असतो ना, तेव्हा मला वाटतं, मी एकटी नाहीये. ते गेलं तर?"

वहिनीने नुसता मिठाचा डबा तिच्या हातातून काढून घेतला.

मग एके दिवशी एका नव्या कंपनीचं दणदणीत मशीन आलं. पहिल्या दोन परीक्षा त्याने हसत हसत मारल्या. तिसरीला दिवा लागला, दोघं चालू लागली आणि पहिल्याच फेरीत तिला दिसलं. मशीनच्या ब्रशने लवेची टोकं कुरतडली होती. जागोजागी धागे फाटून पिंजारले होते.

"दाखवा!"

तिची दोन बोटं. त्याची चार.

बाई गुडघ्यावर हात ठेवून, "आई गं" करत खाली बसल्या, नीट निरखून पाहिलं आणि उठल्या.

"दोनच. आंधळ्यालाही हाताने कळतील." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "हे चार कुठून आणलेस? कंपनीच्या माणसांनी गाठलं होतं का तुला?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही, बाई."

डोळे दुखतायत म्हण, ती मनात विनवत होती. एवढंच म्हण रे! सगळं होतं तसं राहील.

"बाई, मी गालिचा बघितलाच नाही," तो म्हणाला.

"फेऱ्या तर घातल्यास!"

"घातल्या. पण बघत... हिच्याकडे होतो. बोटं किती काढायची ते कळेना. मागच्या वेळी चार होती, म्हणून तीच काढली."

"कधीपासून चाललंय हे?"

"गालिच्याऐवजी असं आजच. एरवी गालिचा बघून झाल्यावर."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि आजच काय झालं?"

तो चाचरला. "आज ती तो गालिचा बघून इतकी कळवळली... कुणाला तरी लागलंय असा चेहरा झाला तिचा. मग मला दुसरं काही दिसेना."

ती थक्क होऊन ऐकत होती. नोकरी, अब्रू, सगळं पणाला लागलेलं असताना माणूस इतकं सरळ बोलू शकतो?

"उद्यापासून महिनाभर धुळीच्या खोलीत," बाई म्हणाल्या. "गालिच्यांत धूळ भर. डोकं ठिकाणावर आलं, की ये परत इथे. नजर चांगली आहे तुझी, फुकट घालवायची नाही मला." मग त्या तिच्याकडे वळल्या. "तू तरी गालिचाच बघत होतीस ना?"

"गालिचाच बघत होते, बाई. दोनच आहेत."

ते खरंच होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. महिना गेला असता, तो परत पलीकडे उभा राहिला असता आणि बोटं पुन्हा जुळली असती. तिला जे हवं होतं ते सगळं. तो खाली मान घालून उभा होता. त्याने आपलं सगळं बोलून टाकलं होतं आणि तिच्याकडून काहीही मागितलं नव्हतं.

"बाई..."

"काय?"

"नातं असेल तर कळवायचं असतं ना?"

"नियम आहे तसा."

"मग कळवतेय."

त्याने झटकन मान वर केली.

"नातं?" बाईंच्या भुवया वर गेल्या. "कधीपासून?"

"आत्तापासून."

"अहो पण..." तो अडखळला, "मला कुणी विचारलं का?"

"तुम्हाला काय विचारायचं? तुम्हाला तर आज काही दिसतच नाहीये!" ती म्हणाली आणि डोळे भरून आले तरी हसली.

बाई हसल्या नाहीत. "पोरी, नीट विचार कर. एकदा कळवलंस की तो तुझ्या समोर पुन्हा कधीही चालणार नाही. अशी जोडी मी तरी आजवर पाहिली नाही."

"मीही नाही पाहिली, बाई." ती म्हणाली. "पण समोर नको. शेजारी चालू दे त्याला."

गालिच्याला सबंध वळसा घालून, नुसत्या मोज्यांवर, तो अलीकडे आला आणि तिच्या बाजूला उभा राहिला.