सोनुबाईंना कोणी भाजलं?

"डॉक्टर, पोलिसात द्यायला दाखला पायजे. माज्या बायकोनं आंघोळीचं कढत पाणी ओतून आईला भाजलंय!"

साजगावचा किशोर खोपोलीच्या दवाखान्यात असा ओरडतच शिरला. मागे त्याची आई सोनुबाई, भिंतीला धरून. तिच्या मागे सून रुचिता, रडून डोळे सुजलेली.

डॉ. तेजश्रीने नवराबायकोला बाहेर पाठवलं. माकडहाडाच्या जरा वर भाजल्याची जखम होती. चौकोनी, सरळ कडांची. तिने ती पुसली, मलम लावलं. सोनुबाईंनी हूं की चूं केलं नाही. एवढा सोशिकपणा तेजश्रीला मुळीच आवडला नाही.

"रुचितानं भाजलं?"

"ठाव नाय."

सुनेचा संसार मोडायला तेवढं उत्तर पुरेसं होतं.

"दुखणं कधीपासून?"

"आठ म्हयनं. बसलं की जास्त. कंबरंचा एमआरआय काढला, काय नाय निघालं."

"शेक घेता?"

"रोज. वीट तापवून, फडक्यात गुंडाळून."

"लघवी, संडास?"

"दोन म्हयनं अडतंय. असलं कुणाला सांगायचं?"

तेजश्रीने सोनुबाईंच्या पिशवीतली एमआरआयची फिल्म उजेडात धरली. कंबरेचे मणके ठीक होते. चित्र तिथेच संपलं होतं. मग तिने सोनुबाईंना डोळे मिटायला लावून टाचणी टोचली. पावलांवर कळलं, बुडाशी कळलं नाही. हातमोजा घालून आतून तपासताना हाडाला चिकटलेली टणक गाठ बोटाला लागली.

तिने दोघांना आत घेतलं.

"किशोर, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात. पाणी ओतलं असतं तर ओघळ उठले असते. हा विटेचा चटका आहे. कातडी बधिर, म्हणून यांना कळलाच नाही."

"पन शेक तर कंबरंला..."

"दुखतंय कंबरेच्या खाली. पुरुष डॉक्टरांसमोर, तुमच्यासमोर लाजेनं कंबर दाखवली. चिठ्ठीवर कंबर आली, फोटोही कंबरेचाच निघाला. एकट्या असताना शेक मात्र खऱ्या जागी. गुन्हेगार आहे खालच्या हाडातली गाठ, तीच नसा दाबतेय. साधी की वाईट, ते तुकडा तपासल्यावर कळेल. आजच मुंबईला न्या. उशीर केलात तर लघवीवरचा ताबा कायमचा जाईल."

किशोरची मान वर होईना. रुचिता सासूपुढे उभी राहिली.

"आई, वीट कुठं लावता ते तरी सांगायचं."

"पोरासमोर कसं सांगू गं? लाज वाटली."

"आन् ह्ये मला पोलिसात द्याया निघाले, तवा गप ऱ्हायची नाय वाटली?"

सोनुबाईंनी हात जोडले, रडल्या. रुचिताने ते हात खाली केले आणि नवऱ्याकडे वळली.

"गाडी बोलवा. आईंसंगं मी जाते. तुमच्याशी मी मागनं बोलंन."