परीक्षेला समोर वीरधवल

माझा एक स्वभाव आहे. कुणी काही विचारलं की उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. आणि नाही विचारलं, तरी राहवत नाही!

त्या दिवशी सांगलीत, कॉलेजच्या ऑफिसात, क्लार्कसाहेब चहाला गेले होते. जरा टेकावं म्हणून मी त्यांच्या खुर्चीत बसले, तर समोर रांगच लागली. मग काय… मीच सांगत सुटले. फोटो इथे चिकटवा, सही तिथे करा. रांगेत शेवटी एक उंच, सावळा मुलगा आला. गुडघ्याला पट्टा, काखेत हेल्मेट.

"मॅडम, क्रीडा मानसशास्त्राचा अर्ज हितंच द्यायचा न्हवं?"

"इथेच. पण झेरॉक्सवर सही कुठाय? आणि फोटोत एवढे रागावलात कुणावर?"

"रागावलो न्हाई. चेहराच तसा हाय," तो गंभीरपणे म्हणाला… आणि मग हसला.

अगं बाई, ते हसू! मी त्याचा अर्ज उलटा धरून वाचत होते.

तासाभरानं वर्गात मी त्याच्याच बाकावर जाऊन बसले, तेव्हा तो दचकून उभाच राहिला. "मॅडम, तुमी?"

"बसा, बसा. मीपण विद्यार्थीच आहे. चारुशीला. साताऱ्याची."

त्या क्लार्कसाहेबांच्या चहाचे माझ्यावर फार उपकार आहेत. ते जागेवर असते, तर मी वीरधवलकडे वळूनही पाहिलं नसतं.

तो पलूसचा. घरचा ऊस, थोरला भाऊ फौजेत, आणि हा कबड्डीतला रेडर. गुडघा दुखावला तेव्हा डॉक्टरांनी गुडघा बरा केला, पण मनात बसलेल्या भीतीचं कुणी विचारलंच नाही. म्हणून हा स्वतःच ते शास्त्र शिकायला आला होता. मी शाळा-कॉलेजात खो-खो खेळलेली. खेळाडूंच्या मनाचं ऐकायचं, त्यांना आधार द्यायचा, असलं एमए असतं हे कळल्यावर मी हट्टच धरला. बाबा म्हणाले, "खेळणाऱ्या पोरांना भूक लागते, चारू. त्यांना कसलं आलंय समुपदेशन?" शेवटी एका अटीवर त्यांनी सोडलं. पहिल्या फटक्यात पास झाले तर सांगलीत राहून एखाद्या खेळाच्या संघासोबत काम करायचं. नापास झाले तर गुपचूप साताऱ्याला यायचं आणि मामांनी आणलेली स्थळं बघायची.

आमच्या सुमंत सरांनी बाकावरच्या जोड्याच सरावासाठी कायम केल्या. एकानं खेळाडू व्हायचं, दुसऱ्यानं समुपदेशक. समुपदेशकानं फक्त ऐकायचं, मोजकं विचारायचं, सल्ला द्यायचा नाही. आता बोला! मला आठवडाभर उपास करायला सांगितला असता, तर तो जमला असता.

"झोप येत न्हाई सामन्याच्या आदल्या रात्री," वीरधवल सरावात म्हणायचा.

"गरम दूध पी. मोबाईल लांब ठेव. आणि डाव्या कुशीवर—"

"चारुशीला," सर मागून ओरडायचे, "त्याला बोलू देशील का?"

वीरधवल खाली मान घालून हसायचा. बाहेर आल्यावर म्हणायचा, "दूध पिऊन बघतो आज."

"चेष्टा करतोस?"

"न्हाई गं. तू सांगितलंस म्हणून पिणार."

असं कुणी बोललं की पुढचं वाक्यच सुचत नाही. हे माझ्या बाबतीत नवीनच होतं.

मग एकदा मी खेळाडू झाले. ठरवून ठेवलेली खोटी अडचण घडाघडा सांगून टाकली. तो नुसता बघत राहिला. खिडकीतून मार्केट यार्डातल्या हळदीचा वास येत होता, पंखा कुरकुरत होता, आणि तो… काही म्हणजे काही बोलेना. ती शांतता मला सोसेना. शेवटी माझ्या तोंडून खरं तेच निघालं. राज्याच्या खो-खो संघाच्या निवडीला मी गेलेच नव्हते. ताप आला म्हणून सांगितलं, पण ताप नव्हता. हरायची भीती वाटली होती. हे मी आईलाही कधी बोलले नव्हते. मी रडले, चांगली हुंदके देऊन. त्यानं मध्येच थांबवलं नाही, समजूत घातली नाही. माझं संपल्यावर हळूच म्हणाला, "लय दिवस एकटीनंच हे वझं वागवलंस की."

एवढंच. माझं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. त्या दिवसापासून मी त्याची ऋणी आहे, आणि त्याच दिवसापासून त्याच्यावर माझं प्रेमही आहे. पण जिची टकळी दिवसभर चालते, तिला नेमकं तेच सांगता येईना.

लेखी पेपर निभावले, आणि शेवटची प्रात्यक्षिकाची परीक्षा आली. परीक्षक बाहेरच्या, विजयमाला मॅडम. नियम असा, की अनोळखी खेळाडूशी पूर्ण वीस मिनिटं सत्र घ्यायचं. पण दुपारी आष्ट्याहून ज्या खेळाडू मुली यायच्या होत्या, त्यांची एसटी वाटेतच बंद पडली. वीरधवलची परीक्षा सकाळीच झाली होती. सरांनी त्यालाच माझ्यासमोर बसवलं.

"ओळखीचा असला तरी चालेल," मॅडम म्हणाल्या. "पण नाटक नको. अडचण खरी हवी."

वीरधवलनं मान हलवली. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बोला," मी म्हणाले. परीक्षा म्हणून अहो-जाहो. "काय मनात आहे?"

"चढाईला जाताना सात जण समोर असले तरी आता भ्या वाटत न्हाई," तो म्हणाला. "पण एक गोष्ट बोलायची हाय… तिथं पाय उचलत न्हाई."

"ती गोष्ट कशाबद्दल आहे?"

"एका मुलीबद्दल."

कोण ही? कुठली? कधीपासून? पण चेहरा हसरा ठेवून मी विचारलं, "त्या मुलीविषयी आणखी सांगाल?"

"लय बोलते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"सगळ्या जगाला सल्ले देते. स्वतःचं दुखलं की गप्प बसते. ती साताऱ्याला परत गेली तर…" तो अडखळला. त्यानं वर पाहिलं, सरळ माझ्या डोळ्यांत. "तर हितं माझं मन लागायचं न्हाई."

देवा! घड्याळात अजून निम्माही वेळ झाला नव्हता. आणखी चार सरळ प्रश्न विचारले असते, तर मी पास होते. सत्र अर्धवट सोडलं तर नापास, साताऱ्याची गाडी आणि मामांची स्थळं. पण ज्या गोष्टीत आपलाच जीव अडकलाय, तिथं समुपदेशक म्हणून बसायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच धड्यात शिकवलं होतं. तो मनातलं काढून माझ्यासमोर ठेवत होता आणि मी त्यावर मार्क मिळवणार होते? छे.

"मॅडम, मी थांबते," मी म्हणाले.

"वेळ पूर्ण झालेला नाही. परिणाम माहीत आहे ना?"

"हो. पण ती मुलगी मी आहे." मी खुर्चीतून उठले. "आणि मला त्याचं पुढचं ऐकायची फार घाई झालीय. असल्या माणसानं या खुर्चीत बसू नये."

सुमंत सर छताकडे बघत होते. वीरधवल पांढराफटक पडला. "मॅडम, चूक माझी हाय. तिला नापास करू नका…"

"तुम्ही बाहेर जा," मॅडम त्याला म्हणाल्या. "हे सत्र मी धरणार नाही. त्या मुली आल्या, तर हिचं पुन्हा घेऊ. नाही आल्या, तर पुढच्या वेळी."

आल्या! उन्हं उतरता उतरता आल्या. त्या एसटीच्या मेकॅनिकला उदंड आयुष्य लाभो. माझ्यासमोर क्रांती नावाची गोळाफेक करणारी पोरगी बसली. ओठ घट्ट मिटलेले. पूर्वी मी तिच्यावर प्रश्नांचा मारा केला असता. त्या दिवशी मी नुसती थांबले, वीरधवल माझ्यासाठी थांबला होता तशी. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ताई, मला खेळ सोडावासा वाटतोय…" आणि मग बोलतच राहिली.

मॅडमनी निकाल तिथंच सांगितला. "पास. आणि मघाशी थांबलीस त्याचे मार्क दिलेले नाहीत. ते करायलाच हवं होतं. या मुलीचं ऐकून घेतलंस, त्याचे दिलेत."

मी त्यांच्या पाया पडले आणि पळतच बाहेर आले.

फाटकाजवळच्या कट्ट्यावर वीरधवल डोकं धरून बसला होता.

"शहाण्या! परीक्षेत असलं कुणी बोलतं का?"

"त्या म्हणाल्या खरं बोला…" तो धडपडत उठला. "तुझं नुकसान केलं मी. मला माफ कर. आणि माझं ते… विसरून जा, तुला पटत नसंल तर."

मी तोंड उघडलं. एवढे शब्द येतात मला, पण त्यातला एकही येईना. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलूसहून बनुबाई, त्याची आई. मी त्यांना काकू म्हणायचे. त्या मला शेंगांची चटणी पाठवायच्या. त्यानं घाबरत फोन कानाला लावला, तरी त्यांचा खणखणीत आवाज मला ऐकू येत होता.

"आरं, त्या चारूचं काय झालं? सकाळधरनं देवापुढं दिवा लावून बसलीया मी! तिच्याकडं दे आधी!"

माझे डोळे भरून आले. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"पास झाले," मी म्हणाले, वीरधवलकडे बघत. "पास झाले, आई."