तेलाची वजावट

शुक्रवारी दुपारी मिरजेच्या ध्वनिप्रयोगशाळेत डॉ. माणिक चौगुले यांनी स्वतःच्या डाव्या कानात बोंडाएवढं एक यंत्र बसवलं आणि डोळे मिटून घेतले. लोकांच्या कानात डोकावण्यात या बाईंचं आयुष्य गेलं होतं. आता राज्याच्या आरोग्य समितीने त्यांना तपासायला पाठवलं होतं ते हे यंत्र, नाव ‘कानोसा’. बाईंची सही झाली की सोमवारपासून ते राज्यभर घरोघर जाणार होतं.

“चिमणी चिवचिवल्यासारखं वाटलं,” बाई म्हणाल्या.

“ती ध्वनिशलाका,” वैजयंती खराडे म्हणाली. कानोसा तिच्या डोक्यातून निघाला होता आणि हे ती लपवतही नव्हती. “आवाजाची बारीक कांडी आत जाते आणि कानाच्या पडद्यावर आपटून परत येते. निरोगी पडदा लवचीक असतो, तो थोडा आवाज पिऊन टाकतो. मागे द्रव साठला की तो ताठ होतो आणि आवाज जसाच्या तसा परत फिरतो. त्या प्रतिध्वनीवरून, मुलाचं वय आणि ताप बघून, यंत्र आईला सांगतं की घरीच थांबा, आज दाखवा किंवा लगेच निघा.”

“हे बाहेरची यंत्रंही सांगायची.”

“सांगायची ना! जतच्या वाड्यावस्त्यांवर प्रत्येक दुसऱ्या मुलाला ‘लगेच निघा’ म्हणून सांगायची.” हे बोलला तो झुबेर मुजावर. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनत आले होते, आणि आवाजाची गणितं तोच मांडायचा. “वस्तीवरून तालुक्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. तिथे डॉक्टर कानात बघणार, तर आत काय? तेल! लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल. पडद्यावर तेल बसलं की पडदा ताठ वागतो. यंत्राला वाटायचं मागे पू आहे. दोनदा हेलपाटा पडला की बायका ते यंत्र फडताळात टाकून द्यायच्या.”

बाई हसल्या. “मग विचारायचं, की बाई, तेल घातलंस का?”

“विचारलं की! पहिल्या वर्षी यंत्रच विचारायचं. सगळ्या नाही म्हणायच्या, आणि कानातून तेल गळत असायचं. खरं बोलणारी आई शंभरात एखादी.”

“डॉक्टर ओरडतील म्हणून. माझ्यासमोरही तेच.”

“म्हणून प्रश्नच काढून टाकला,” वैजयंती म्हणाली. “पडद्याच्या अलीकडे दाट द्रव दिसला की कानोसा ते तेल धरतो, प्रतिध्वनीतून त्याचा हिस्सा कापतो आणि मग पलीकडे बघतो. आम्ही त्याला तैल-वजावट म्हणतो. आमच्या बायकांची सवय ओळखणारं दुसरं यंत्र तुम्ही दाखवा मला!”

बाईंनी फक्त आठवण करून दिली, की गेल्या वर्षी जतच्या चाचणीला होकार देताना त्यांनीच एक अट घातली होती. प्रत्येक तपासणीनंतर यंत्राने कानात तेल घालू नका असं बजावायचं.

“बजावतं. आमच्या सासूबाईंच्या आवाजात,” वैजयंती म्हणाली.

हिराताई खराडे निवृत्त होईपर्यंत मिरजेच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होत्या. त्यांनी माईकवरून ‘प्रवाशांनी धावू नये’ म्हटलं, की धावणारा जागच्या जागी थबकायचा. तो आवाज आता वर्षभर जत तालुक्यातल्या घराघरांत घुमत होता. बाईंनी ऐकला, कौतुकाने मान हलवली आणि सही केली. त्या संध्याकाळी वैजयंतीचे पाय जमिनीवर नव्हते, आणि चार वर्षं राबल्यावर ते नसावेतच.

रविवारी तिच्याच मुलीचा कान दुखायला लागला.

सावनी साडेचार वर्षांची. आठवडाभर सर्दी होतीच, सकाळी कानाला हात लावून रडू लागली. कानोसाने सांगितलं, पडद्यामागे थोडा द्रव आहे, ताप कमी आहे, घरीच थांबा, संध्याकाळी पुन्हा तपासा. वैजयंतीने तापाचं औषध दिलं, पोरीला हिराताईंच्या मांडीवर सोपवलं आणि सोमवारच्या कार्यक्रमाची तयारी बघायला गेली. दुपारी परतली तेव्हा रडणं थांबलेलं होतं. पोर गाढ झोपली होती. तिने हलक्या हाताने यंत्र तिच्या कानाला लावलं.

“कानात तेल आहे. पडद्यामागे काही नाही. घरीच थांबा,” यंत्र बोललं. आणि मग खणखणीत आवाजात, “मुलांच्या कानात तेल घालू नये!”

ज्यांचा आवाज होता त्या हिराताई दारातच उभ्या होत्या.

“आई, तेल घातलंत?”

“नाही.”

“मग हे काय आहे?”

“मला काय माहीत? मिशीन तुझं हाय.”

“मी रागावत नाहीये, आई. पोर रडत होती, तुम्हाला बघवलं नसेल. घातलं असेल तर सांगा फक्त.”

हिराताईंचा चेहरा लाल झाला. “वैजू, बावीस वर्षं त्या माईकवर बोलले मी. गाडी लागली म्हणून सांगितलं की गाडी लागलेलीच असायची. माझ्या पोरांच्या कानात घातलं तेल, नाही कशाला म्हणू? पण तू घालू नका म्हणालीस, त्या दिवसापास्नं बाटलीला हात लावला नाही. तरी खोटी मीच होय? माझ्याच आवाजात मला शिकवायलंय ते!”

त्या ताडताड स्वयंपाकघरात निघून गेल्या.

वैजयंती पलंगाच्या कडेला बसून राहिली. सासूबाई खोटं बोलतायत असंच तिला वाटत होतं, आणि तसं वाटणं सोयीचंही होतं. शिवाय सगळं जुळत होतं. कोमट तेल घातलं की मुलाला बरं वाटतं, आणि पोर शांत झोपली होती. सासूबाई खऱ्या असतील तर यंत्र चुकलं होतं, आणि उद्या ते घरोघर पोचणार होतं. पण यंत्र चुकलं असेल तर सावनीच्या कानात दुसरंच काहीतरी होतं. तिने यंत्र पुन्हा हातात घेतलं.

यंत्राचं रबरी टोक ओलं होतं. तिने ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पुसलं आणि कागद पंख्याखाली धरला. तेल असेल तर डाग वाळत नाही, भज्यांच्या पुडीला पडतो तसा आरपार दिसतो. हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कागद वाळला. खिडकीसमोर धरला तर त्यातून उजेड येईना. मागे पिवळट खरखरीत पापुद्रा तेवढा राहिला होता.

तेल नव्हतं.

मग पुढचं गणित तिला क्षणात सुटलं, कारण ते तिचंच होतं. सकाळी द्रव पडद्यामागे होता. आता मागे काहीच नव्हतं आणि पुढे दाट काहीतरी होतं. पडदा फुटला होता. पू बाहेर आला, आतला दाब गेला, म्हणून दुखायचं थांबलं. आणि पडद्याच्या अलीकडे जे दाट दिसेल ते तेलच, असं यंत्राला तिनेच शिकवलं होतं.

“आई!” ती धावत स्वयंपाकघरात गेली. “तुम्ही खरं बोलत होतात. मीच चुकले, मला माफ करा. चला, सावनीला दाखवायला हवं.”

हिराताईंनी आधी चप्पल पायात घातली आणि नातीला खांद्यावर घेतलं.

डॉ. चौगुले घरीच होत्या. त्यांनी कान साफ करून आत पाहिलं. “फुटलाय पडदा. छोटं भोक आहे, औषधाने भरून येईल. पण तेल समजून महिनाभर काढला असता तर या कानाने ऐकणं कमी झालं असतं.” मग त्यांनी वैजयंतीकडे रोखून पाहिलं. “यंत्र काय म्हणालं?”

“घरीच थांबा.”

वैजयंतीने तिथूनच झुबेरला फोन लावला. “जतमध्ये या महिन्यात तेल किती घरांत निघालं?”

“फक्त नऊ!” झुबेरच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “वर्षापूर्वी महिन्याला दोनशेच्या वर निघायचं. मॅडम, बायकांनी तेल सोडलं! आपल्या आयांनी ऐकलं!” आणि मग तो एकदम थांबला. त्याचं त्यालाच कळलं. बायकांनी तेल सोडलं होतं, तर ते नऊ कान कशाने भरले होते?

“नंबर पाठव,” ती म्हणाली.

फोन हिराताईंनी केले. वैजयंतीने करायला घेतला होता, पण पहिल्याच नंबरवरची बाई डॉक्टरांचा फोन म्हणताच बावरली. हिराताईंनी तो सुनेच्या हातातून काढून घेतला. “कानात तेल घालू नये म्हणते ती मीच बोलायलेय. आता खरं सांगायचं. घातलं हुतं का?”

पलीकडून आधी हसू आलं. “अय्या, तुम्ही व्हय! नाय ओ मावशी, तेल कुठलं? तुमीच सोडाया लावलंसा की. आमी घातलंच नव्हतं, अन मिशीन तेल म्हणालं, तवाच कळलं का त्याचं कायतरी चुकतंय. त्याच दिशी पोराला दवाखान्यात न्हेलं. फुटल्याला कान. आता बरा हाय.”

दुसरीकडे तेच. तिसरीकडे तेच. नऊपैकी सात जणींनी यंत्राचं न ऐकता पोरं डॉक्टरांकडे नेली होती. आपण तेल घातलं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तेवढं त्यांना पुरलं. उरलेल्या दोघींनी, न विचारताच, लाजत सांगून टाकलं की हो मावशी, घातलं होतं, पुन्हा नाही घालणार.

शेवटचा फोन ठेवून हिराताईंनी पदराने घाम पुसला. वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. परवा यंत्राचा वाटला नव्हता एवढा अभिमान तिला आता वाटत होता, त्या नऊ बायकांचा आणि समोर बसलेल्या या दहावीचा.

“उद्याचा कार्यक्रम रद्द करावा लागेल,” डॉ. चौगुले म्हणाल्या. “समिती विचारेल, यंत्रात एकाएकी काय बिघडलं? काय सांगू?”

“बिघडलं काहीच नाही,” वैजयंती म्हणाली. “आया तेल घालतात आणि खोटं बोलतात असं धरून ते बनवलं होतं. आता त्यांनी तेल सोडलं आणि त्या खरं बोलतात, म्हणून ते निकामी झालं. असंच लिहा, आणि आमच्या बायकांचं नाव घेऊन लिहा.”